कुंभकोणमचे धाकटे रथ

तमिळ पंचांगातल्या आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे २ किंवा ३ ऑगस्टला, तमिळनाडूतल्या कुंभकोणममधली लहान मुले आपापला रथ ओढत कावेरीवर जातात. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, खाली लाकडाचीच चाके, वर रंगीत कागदाचे छत, आत एखाद्या देवाचे चित्र आणि पुढे ओढायला दोरी, असा हा छोटा रथ असतो. त्याला सप्परम म्हणतात. नुकतेच पाऊल टाकू लागलेल्या मुलाच्याही हातात दोरीचे टोक दिले जाते. घरातले कोणी मोठे मागून वाकून रथ सावरते आणि सगळे घर त्या मुलाच्या चालीने नदीकडे निघते.

हा दिवस आडिप्पेरुक्कूचा, आडि महिन्यातल्या पुराचा. कावेरीच्या काठी तो सगळीकडे पाळतात, पण मुलांच्या रथाची चाल ठळक दिसते ती तंजावूर, कुंभकोणम, मयिलाडुदुरै या त्रिभुज प्रदेशाच्या पट्ट्यात. लहान मुलाला घेऊन सकाळी घराबाहेर पडायचे, पाण्याकाठी बसायचे, डब्यातून नेलेले खायचे, खेळणे घ्यायचे आणि उन्हे उतरल्यावर परतायचे, हा मुलांच्या सहलीचा सारा क्रम तिकीट लावणारी करमणूक-उद्याने निघण्याच्या कितीतरी आधीपासून या गावाच्या अंगवळणी पडलेला आहे. त्याचा इतिहास लिहायचा तर नदी, सुतारकाम, देवळे, मराठी राजवट आणि धरण या सगळ्यांतून जावे लागते.

कुंभकोणम दोन प्रवाहांच्या मधे वसले आहे. उत्तरेला कावेरी, दक्षिणेला तिचाच फाटा असलेली अरसलार. कावेरी कोडगूतल्या तलकावेरीला उगम पावते आणि सुमारे ८०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या उगमाकडे जून-जुलैत नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोसळतो, तर त्रिभुज प्रदेशातला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्येकडून येतो. त्यामुळे आडि महिन्यात कुंभकोणमच्या आकाशात बहुधा जोराचा कोरडा वारा असतो आणि तरीही नदी फुगलेली असते. महाराष्ट्रात नदीला पूर येतो तेव्हा बहुधा काठावरच्या गावातही पाऊस पडत असतो आणि लेकरांना घरात कोंडून ठेवावे लागते. इथे पूर येतो तो उघडिपीच्या दिवसात. मुलांना नदीवर नेण्याचा सण या ऋतूत बसला त्याचे कारण हे असावे.

शेतीचे कारण तितकेच मोठे. नवे पाणी कालव्यांत शिरले की भाताची रोपे टाकायची, म्हणून आडि हा पेरणीचा महिना. लग्नकार्ये या महिन्यात होत नाहीत. नव्या नवरीला माहेरी आणतात, जसे मराठी घरांत आषाढात आणत. मंगळसूत्राचा पिवळा दोरा अठराव्या दिवशी नदीवर बदलायचा, लग्नातल्या हारांची जपून ठेवलेली फुले त्याच पाण्यात सोडायची. घाटाच्या पायरीवर किंवा वाळूत थोडी जागा सारवून हळदीचा किंवा मातीचा पिळ्ळैयार, म्हणजे गणपती, मांडतात. कावेरीची नदी म्हणून नव्हे, घरची बाई म्हणून ओटी भरतात: हळदकुंकू, फुले, फळे, ताडाच्या पानाची कर्णभूषणे आणि काळे मणी. भिजवलेल्या तांदळात गूळ कालवलेली काप्परिसि हा नैवेद्य. घरी आठवडाभर अंधारात उगवलेले धान्याचे कोवळे अंकुर, मुळैप्पारी, पाण्यात सोडतात. थोर-लहान सगळ्यांच्या मनगटाला हळदीचा पिवळा दोरा बांधतात आणि मुले त्यासाठी हात पुढे करून रांगेत उभी असतात.

लोकांची समजूत अशी की आडि महिन्यात कावेरी गरोदर असते. तिला डोहाळे लागलेले असतात, म्हणून तिच्यासाठी आंबट, गोड, खारट असे नाना चवींचे भात करून न्यायचे. मराठी वाचकाला इथे डोहाळजेवण आठवेल, आणि ते बरोबरच आहे. चिंचेचा भात, लिंबाचा भात, नारळाचा भात, दहीभात आणि गुळाचा साखरपोंगल, या साऱ्यांना मिळून चित्रान्नम म्हणतात. सोबत तळलेले पापड आणि वडाम, म्हणजे तांदळाच्या कुरडया. यातला प्रत्येक पदार्थ सकाळी करून दुपारी थंड खाता येतो, डब्यात सांडत नाही आणि लहान मुलाला हाताने भरवता येतो. शतकानुशतकांच्या अनुभवाने ठरलेली ही शिदोरी आहे. मूल सोबत असलेल्या प्रवासात काय न्यावे, याचे याहून चांगले उत्तर कुणाला सापडलेले नाही.

रथाकडे वळायला हवे, कारण सणाचा तो भाग पूर्णपणे मुलांचा आहे. पूजा बायकांची, पेरणी पुरुषांची, सप्परम मुलांचा. आडि महिना लागला की त्रिभुज प्रदेशातले सुतार मोठ्या कामातून उरलेल्या हलक्या लाकडाचे तुकडे यासाठी वापरतात. चाके कातून घेतात, पट्ट्या ठोकून दोन-तीन मजले उभे करतात. काही घरांत नुसता सांगाडा विकत आणतात आणि सजावट मुले स्वतः करतात: रंगीत कागद, चमकीच्या पट्ट्या, कॅलेंडरमधून कापलेला मुरुगन, म्हणजे कार्तिकेय, किंवा गणपती, कधी फुले. पैसे नसलेल्या घरांत नारळाच्या कोवळ्या झावळ्या विणून रथ करत. कल्कि कृष्णमूर्ती यांच्या ‘पोन्नियिन सेल्वन’ या कादंबरीची सुरुवात आडिप्पेरुक्कूच्याच दिवशी, वीरनारायण तलावाच्या काठी होते आणि तिथे झावळ्यांचे असे सप्परम ओढत जाणारी माणसे दिसतात. कल्किंचा जन्म १८९९ साली मयिलाडुदुरैजवळच्या गावातला. १९५० ते १९५४ या काळात ‘कल्कि’ साप्ताहिकातून ही कादंबरी क्रमशः आली. कथा दहाव्या शतकातल्या चोळांची असली तरी रथ ओढणारी माणसे त्यांनी आपल्या लहानपणीच्या नदीकाठावरून उचलली असणार, असे मानायला जागा आहे.

मुलाच्या रथाचे साहित्यातले उल्लेख मात्र फार मागे जातात. तमिळमधल्या संगमकाळातल्या दहा दीर्घकाव्यांपैकी ‘पट्टिनप्पालै’ आणि ‘पेरुम्पाणाट्रुप्पडै’ ही दोन एकाच कवीची, कडियलूर उरुत्तिरंकण्णनार याची. दोन्हींत खेळण्यातला रथ आहे. पहिल्या काव्यात कावेरीच्या मुखावरचे पुहार हे बंदर वर्णिले आहे. तिथल्या अंगणात वाळत घातलेले धान्य कोंबड्या टिपतात, बायका त्यांना हाकलायला कानातले सोन्याचे दागिने भिरकावतात आणि ते दागिने मुलांच्या तीन चाकी रथाच्या वाटेत आडवे येतात. रथाला घोडे नाहीत, मुलेच तो चालवतात. गावाची श्रीमंती दाखवण्यासाठी कवीने सोने वापरले, पण त्याचे डोळे मुलांच्या उंचीवरून पाहत होते. दुसऱ्या काव्यात सुतारांनी मुलांना हवाहवासा वाटेल असा बनवलेला रथ आहे. त्यात बसून जाता येत नाही, तो नुसता ढकलायचा, आणि ढकलून ढकलून थकलेली मुले दूध पिऊन झोपी जातात. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत सुतार मुलांसाठी खेळणी करून देत होता, हे यावरून कळते. पुहार कुंभकोणमपासून याच कावेरीवर खाली आहे.

पुढे चोळांच्या काळात मुलाच्या रथाला काव्यप्रकारातच जागा मिळाली. पिळ्ळैत्तमिळ या प्रकारात कवी राजाला किंवा देवाला बाळ कल्पून त्याच्या वाढीचे दहा टप्पे गातो. मान उचलणे, टाळ्या पिटणे, पापा देणे, चंद्राला खेळायला बोलावणे असे क्रमाने जात मुलग्याच्या बाबतीत शेवटचे तीन टप्पे येतात: छोटा ढोल वाजवणे, मुलींची वाळूची घरकुले मोडणे आणि छोटा रथ ओढणे. म्हणजे रथ ओढता येऊ लागला की बाळपण संपले. या प्रकारातले सर्वांत जुने उपलब्ध काव्य बाराव्या शतकातले, ओट्टक्कूत्तर याने दुसऱ्या कुलोत्तुंग चोळावर रचलेले. ओट्टक्कूत्तर विक्रम चोळ, दुसरा कुलोत्तुंग आणि दुसरा राजराज या तीन राजांचा दरबारी कवी होता आणि त्या राजांचे निवासस्थान असलेले पळैयारै कुंभकोणमपासून काही किलोमीटरवर आहे. पुढे सतराव्या शतकात कुमरगुरुपरर यांनी वैतीश्वरन कोविलच्या मुरुगनावर पिळ्ळैत्तमिळ रचले, तेही याच प्रदेशातले. एखाद्या समाजाने मुलाच्या खेळण्याला काव्याच्या चौकटीत इतके निश्चित स्थान दिल्याची उदाहरणे फार नाहीत.

कुंभकोणममध्ये वाढणाऱ्या मुलाला रथाची ओढ लागावी यात नवल नाही, कारण हे गावच रथांचे आहे. सारंगपाणी मंदिराचे गर्भगृह दगडी रथाच्या रूपात घडवले आहे, त्याला चाके आहेत, घोडे आणि हत्ती जुंपलेले आहेत. आळ्वार म्हणजे वैष्णव संतकवी, त्यांपैकी तिरुमंगै आळ्वार यांनी याच देवावर जी रचना केली ती रथबंध आहे, म्हणजे तिच्यातल्या संख्या एकापासून चढत आणि उतरत रथाचा आकार धरतात. गावातल्या नागेश्वर मंदिरातही रथाकार मंडप आहे. चार किलोमीटरवर दारासुरमला दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलेले ऐरावतेश्वर मंदिर आहे. त्याच्या पुढच्या मंडपाला दगडी चाके आणि उधळलेले घोडे आहेत. २००४ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. याशिवाय लाकडाचे खरे रथ वेगळेच: चैत्रातल्या उत्सवात शेकडो माणसांनी दोरखंड धरून ओढलेले, वळणावर तासन्‌तास अडणारे, रस्त्यावरच्या घरांच्या छपरांहून उंच. त्या दोरखंडाला लहान मुलाचा हात पोचत नाही आणि पोचू देतही नाहीत. वर्षातून एकदा त्याला त्याच्या मापाचा रथ मिळतो. मोठ्या रथात देव बसून गावातून फिरतो, धाकट्या रथात देवाचे चित्र बसून नदीला भेटायला जाते. विधी तोच, फक्त तो पूर्णपणे मुलाच्या हाती सोपवलेला आहे.

महाराष्ट्रात याच्या सर्वांत जवळची चाल नागपुरातली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे तान्हा पोळा भरतो आणि मुले चाकांवरचे लाकडी बैल सजवून ओढत नेतात. ही प्रथा दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुरू केली असे नागपूरकर मानतात. तिथेही मोठ्यांचा सण आधी आणि मुलांचा त्याच सणाच्या मापात बसवलेला. तंजावूरवरही भोसल्यांचेच राज्य होते, पण घराणे वेगळे, आणि या दोन चालींचा परस्परसंबंध जोडण्याचे कारण नाही. दोन्ही ठिकाणच्या शेतकऱ्यांनी आणि सुतारांनी एकाच गरजेला आपापल्या परीने उत्तर दिले.

तंजावूरचे मराठी राज्य व्यंकोजी भोसल्यांपासून, म्हणजे १६७० च्या दशकापासून, १८५५ पर्यंत चालले. त्याच्या खुणा कुंभकोणमच्या घाटांवरही आहेत. कावेरीवरच्या पायऱ्यांच्या घाटाला तमिळमध्ये पडित्तुरै म्हणतात. भगवत पडित्तुरै, चक्र पडित्तुरै यांच्या ओळीत एक डबीर पडित्तुरै आहे. डबीर हे मराठी दरबारातले पद, आणि आडिप्पेरुक्कूला मुलांचे रथ ज्या पायऱ्यांवर उतरतात त्यांतल्या एका घाटाने ते नाव अजून राखले आहे. तंजावूरच्या शहाजी राजांनी १६९३ मध्ये गावापासून जवळच असलेले तिरुविसनल्लूर शेहेचाळीस विद्वानांना अग्रहार म्हणून दिले आणि त्याचे नाव शहाजिराजपुरम पडले. तिथल्या संत श्रीधर अय्यावाळांच्या घरच्या विहिरीवर कार्तिकातल्या अमावास्येला स्नानासाठी आजही गर्दी होते.

लहान मुलाला घेऊन प्रवास करणाऱ्यांसाठी मराठी राजवटीने केलेले सर्वांत मोठे काम म्हणजे छत्रे, तमिळमध्ये चत्तिरम. ती राजघराण्याशी संबंधित स्त्रियांच्या नावाने बांधलेली अन्नछत्रे होती. रामेश्वरच्या वाटेवर आणि त्रिभुज प्रदेशात ठिकठिकाणी ती उभी राहिली. मुक्तांबाळच्या नावाचे ओरत्तनाड येथील छत्र १८०२ चे. तंजावूरचे राजे सरफोजी दुसरे यांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात छत्रांत काय चालते हे नोंदवले आहे. येणाऱ्या प्रत्येकाला जात न पाहता अन्न मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून जेवायचे राहिलेल्यांना बोलावत. तान्ह्या मुलांना दूध देत. गरोदर स्त्रीची देखभाल होई, ती छत्रातच बाळंत झाली तर खर्च सरकारचा आणि त्यानंतर तीन महिने तिला तिथे राहता येई. कंपनी सरकारने राज्याचा महसूल आपल्या ताब्यात घेतला होता आणि छत्रे तरी आपल्याकडे राहावीत म्हणून हे पत्र लिहिले होते. त्यातला तान्ह्या बाळाच्या दुधाचा तपशील तंजावूरच्या मराठ्यांच्या इतिहासातल्या कुठल्याही लढाईपेक्षा कमी महत्त्वाचा नाही. आज प्रवासाच्या ठिकाणी बाळाला पाजायला स्वतंत्र खोली असली की ती नवी सोय वाटते. सरफोजींच्या छत्रांत तान्ह्या बाळाची आणि बाळंतिणीची काळजी दोनशे वर्षांपूर्वी राज्याच्या खर्चाने घेतली जात होती.

एकोणिसाव्या शतकात मुलांना नेण्याच्या जागांची एक नवी कल्पना आली: सार्वजनिक बाग. १८५४ मध्ये कुंभकोणमचे सरकारी महाविद्यालय कावेरीकाठी सुरू झाले, १८६६ मध्ये नगरपालिका आली आणि १८७७ मध्ये रेल्वे. त्याच दशकाच्या सुरुवातीला चाळीस किलोमीटरवरच्या तंजावूरला मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांच्या काळातल्या शिवगंगा तलावाभोवती नगरपालिकेने बाग केली. शिवगंगा बाग पुढे या जिल्ह्यातल्या मुलांची ठरलेली जागा झाली: झाडे, पाणी, काही प्राणी, नंतर झोपाळे आणि छोटी आगगाडी. कुंभकोणमच्या घरांना रेल्वेने एका दिवसात तिथे जाऊन परत येता येऊ लागले.

सार्वजनिक बागेच्या या कल्पनेशी जोडलेला एक कारभारी कुंभकोणममध्येच जन्मला होता. सर टी. माधवराव, जन्म १८२८, तंजावूरच्या मराठी घराण्यातले. ते आधी त्रावणकोरचे आणि १८७५ पासून बडोद्याचे दिवाण झाले. बडोद्याची सयाजीबाग १८७९ ची, म्हणजे महाराज सयाजीराव अज्ञान असताना माधवरावांच्या कारभारातली. गुजरातमधल्या आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांनी पहिला वाघ आणि पहिली छोटी आगगाडी याच बागेत पाहिली. कावेरीकाठच्या गावात जन्मलेल्या माणसाच्या कारभारात विश्वामित्री नदीच्या काठी असा मुलांचा आनंद उभा राहिला, ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कुंभकोणमच्या मुलाचा दुसरा मोठा दिवस बारा वर्षांनी येतो. गुरू सिंह राशीत असताना नाशिकला सिंहस्थ भरतो, त्याच काळातल्या माघी पौर्णिमेला कुंभकोणमला महामहम असतो. सहा एकरांहून मोठे महामहम तळे आणि त्याच्या काठचे सोळा मंडप हे नायकांचे मंत्री गोविंद दीक्षित यांच्या नावाशी जोडलेले आहेत. अशा यात्रेत मुलाला तळ्यापेक्षा बाजार मोठा वाटतो. रहाटपाळणा, तमिळमध्ये राट्टिनम, आधी माणसांनी हाताने फिरवायचा लाकडी आणि मग विजेवरचा. ताडाच्या पानांचे खुळखुळे, मातीच्या आणि लाकडाच्या भातुकल्या, मान डोलावणाऱ्या तंजावुरी बाहुल्या. आदि कुंभेश्वर मंदिरातली मंगळम नावाची हत्तीण सोंड डोक्यावर ठेवून आशीर्वाद देते, ते तर यात्रेविना रोजचेच. पण महामहमची गर्दी मुलांसाठी नाही हे १९९२ ने दाखवले. त्या वर्षी १८ फेब्रुवारीला तळ्याकाठी चेंगराचेंगरी होऊन सुमारे ५० भाविक गेले. त्यानंतर २००४ आणि २०१६ च्या महामहमला गर्दी दिवसादिवसांत वाटून देण्यावर भर आला. पुढचा महामहम २०२८ मध्ये आहे. लहान मूल असलेल्या घराने मुख्य दिवस टाळून आधीच्या दिवसांत जाणे हाच शहाणपणा.

आडिप्पेरुक्कूला धोका गर्दीपेक्षा पाण्याचा, आणि पाण्याच्या अभावाचाही. १९२५ ते १९३४ या काळात सेलमजवळ मेट्टूरचे धरण बांधले गेले. त्याची पूर्ण पातळी १२० फूट आणि साठा ९३.४७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. तोपर्यंत आडिचा पूर कोडगूच्या पावसावर येई. आता तो दरवाजे उघडण्यावर येऊ लागला. कुरुवै हंगामाच्या भातासाठी १२ जूनला पाणी सोडायचे अशी रीत पडली. वर कर्नाटकात कृष्णराजसागराचे काम आधीच सुरू झाले होते, १९२४ मध्ये म्हैसूर आणि मद्रास यांच्यात करार झाला होता. पुढे पाणीवाटपाचा वाद वाढत गेला, १९९० मध्ये लवाद नेमला गेला आणि १६ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने वाटपाचा अंतिम निकाल दिला. या साऱ्या कागदपत्रांत मुलांच्या रथाचा उल्लेख कुठेच नाही. पण मेट्टूरमध्ये साठा कमी असला तरी अठराव्या दिवसापुरते पाणी सोडण्याची प्रथा तमिळनाडूत रुजली. सणासाठी नदी वाहती ठेवणे हे सरकारचे कर्तव्य आहे असे लोक मानतात. ही मागणी पूर्णपणे न्याय्य आहे. ज्या वर्षी तेही जमत नाही, त्या वर्षी कुंभकोणमच्या घाटाखाली कोरडी वाळू असते. बायका वाळूत पूजा मांडतात, कूपनलिकेच्या किंवा नळाच्या पाण्याने हात-पाय धुतात आणि मुले कोरड्या पात्रातून रथ ओढतात. पाण्याकाठी जाऊन पाण्याला भेटता न आलेल्या मुलांची एक पिढी अधूनमधून असे कोरडे सण बघत वाढली आहे.

२०२४ ने दोन्ही टोके एकाच मोसमात दाखवली. साठा अपुरा म्हणून १२ जूनला मेट्टूरचे दरवाजे उघडले नाहीत. जुलैत कर्नाटकात जोराचा पाऊस झाला, २८ जुलैला पाणी सोडले आणि ३० जुलैला धरण १२० फुटांवर भरले. सणाला नदी अशी आली की अनेक ठिकाणी पाण्यात उतरण्यावर बंधने घालावी लागली. २०२२ मध्येही पुरामुळे तसेच झाले होते, आणि २०२० व २०२१ ला साथीमुळे. धरणाचे पाणी नैसर्गिक पुरासारखे हळूहळू चढत नाही. विसर्ग वाढवला की काही तासांत पायऱ्या बुडतात आणि ओढ वाढते. म्हणून आता त्या दिवशी घाटावर पोलीस आणि अग्निशमन दलाचे जवान असतात, दोर बांधलेले असतात आणि काही पायऱ्यांखाली उतरू देत नाहीत.

तिकिटाची करमणूक-उद्याने तमिळनाडूत मुख्यतः चेन्नईच्या आसपास आली. १९९० च्या दशकात किष्किंता आणि एमजीएम डिझी वर्ल्ड निघाली, त्याआधी १९८९ मध्ये मुंबईकरांसाठी गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले होते. ते २०२२ मध्ये बंद पडले. कुंभकोणमहून चेन्नई सुमारे ३०० किलोमीटर, म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलासाठी दिवसाची सहल नव्हेच. या उद्यानांनी मुलांना वेग आणि उंची दिली आणि सुरक्षिततेचे नियमही दिले. तीन-चार वर्षांच्या मुलाला मात्र तिथे बहुतेक पाळण्यांची उंचीची पट्टी आडवी येते, आणि जिथे बसू देतात तिथे यंत्र त्याला फिरवते. आडिप्पेरुक्कूला तेच मूल रथ ओढते, थांबवते, पडलेले चाक उचलून आणते आणि घरातली मोठी माणसे त्याच्यामागे चालतात. या वयाच्या मुलासाठी दुसरा प्रकार निःसंशय चांगला आहे.

बदल इथेही झालेले आहेत. कागदाच्या छताबरोबर प्लॅस्टिकची चमकी आली, ती नदीत जाते आणि जाऊ नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडूने घातक रंग सापडल्यामुळे म्हातारीच्या केसांच्या विक्रीवर बंदी घातली, यात्रेत मुलांचा सर्वांत मोठा हट्ट त्यासाठीच असे. सुतारांची मुले दुसऱ्या धंद्यात गेल्यावर सप्परम करणारे हात कमी होत आहेत. खेळणे म्हणून त्याची किंमत आजही सामान्य घराला परवडणारी आहे, ती वाढवून मागण्यात सुताराचे काही चुकत नाही आणि घेणाऱ्यांनी घासाघीस करू नये.

मराठी प्रवासी नवग्रहांच्या देवळांसाठी वर्षभर कुंभकोणमला उतरतात आणि बहुतेक जण नदीकडे न फिरकताच पुढे जातात. सोबत लहान मूल असेल तर हा प्रवास ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ठेवावा आणि आडिच्या अठराव्या दिवसाची तारीख तमिळ पंचांगात पाहून घ्यावी. मेट्टूरच्या विसर्गाची बातमी आदल्या दिवशी वाचावी. सप्परम आदल्या संध्याकाळीच बाजारातून आणावा, म्हणजे रात्री मुलाला तो सजवता येईल. दहीभात आणि चिंचेचा भात सोबत घ्यावा, सकाळी लवकर घाटावर पोचावे, पोलीस जिथे थांबवतील तिथे थांबावे आणि पाण्याजवळ मुलाचा हात सोडू नये.